स्वच्छ ओके

जलाशयात नांगरलेल्या तराफ्यावर सकाळचा चहा चालू होता, तेवढ्यात पर्यवेक्षक शिर्क्यांना घरून फोन आला.

"हो... आणतो म्हटलं ना... ओके, ओके," म्हणत त्यांनी फोन खिशात टाकला, आणि शिडीजवळच्या खांबावर बसवलेल्या डबीतला दिवा पिवळा झाला.

"साहेब, दिवो पिवळो!" बाबी कुबल ओरडला. "वहिनींका कळला तर रात्री जेवान मेळाचा नाय."

सगळे पाणबुडे हसले. शिर्केही हसले. वृंदा मेथरलाही हसू आलं, आणि थोडा अभिमानही वाटला. ती डबी तिनेच बनवली होती.

डबीचं नाव 'पारखी'. ती एकच शब्द ऐकत असे: ओके. तो शब्द वृंदाने विचार करून निवडला होता. धरणाच्या पोटात काम करणारे पाणबुडे मालवणचे, विशाखापट्टणमचे, कोल्लमचे. सगळ्यांच्या तोंडात सारखा बसलेला शब्द तेवढाच. आणि तो करतो तरी किती कामं! ऐकलं, हे सांगायला ओके. पटलं, तरी ओके. पटलं नाही पण वाद नको, तरीही ओके. काम झालं, ओके. आता फोन ठेव, ओके. मी घाबरलोय पण तुला सांगणार नाही, तोही ओकेच. फरक असतो तो श्वासात, स्वराच्या बारीक थरथरीत, 'ओ' आणि 'के' यांच्यामधल्या निमिषभराच्या जागेत. आपल्या कानांना तो अंदाजाने कळतो. पारखी तो मोजत असे.

पाण्यात उतरण्याआधी डबीसमोर ओके म्हणायचं. खाली गेल्यावरही वरून विचारणा झाली की शिरस्त्राणातल्या माइकवर ओके म्हणायचं. हिरवा दिवा म्हणजे माणूस शांत आणि शुद्धीवर. पिवळा म्हणजे काहीतरी लपतंय. पिवळ्यावर कुणी उतरायचं नाही. सुरुवातीलाच पारखीने कान सुजलेला एक पाणबुडा अडवला होता, रात्रभर जागलेला दुसरा. आता ती शाळांच्या बसचालकांसाठी आणि रुग्णालयांसाठी घेतली जाणार होती. वृंदा शेवटच्या तपासणीसाठी आली होती. तेवढी तिची सही व्हायची होती.

धाकटा भाऊ दर्शन इथेच पाणबुडा होता. शिरस्त्राण चढवण्याआधी तो तिच्याजवळ आला.

"सही कर गो ताई लवकर. आवशीक सांगाक होया, तुझ्या चेडवाचा नाव पेपरात इला म्हणान."

"आधी नीट काम कर तुझा. आणि बरो आसस मा?"

"डबयेक इचार," म्हणत तो डबीकडे वळला. "ओके."

दिवा हिरवा झाला. यारीने, म्हणजे तराफ्यावरच्या क्रेनने, पाणबुड्यांचा पिंजरा उचलला आणि दर्शनला घेऊन हिरवट पाण्यात सोडला. वीजगृहाकडे पाणी नेणाऱ्या बोगद्याच्या तोंडावरची जाळी त्याला घासायची होती. तिथे कमालीची खोली होती.

वृंदा पडद्यासमोर बसली. गेल्या काही महिन्यांच्या नोंदी तिने उघडल्या. हिरवा, हिरवा, हिरवा. पावसाळा संपल्यापासून एकाही पाणबुड्याचा पिवळा नाही. माणसं तंदुरुस्त आहेत, असं तिने अहवालात लिहिलं. मग, केवळ सवय म्हणून, तिने वेगवेगळ्या पाणबुड्यांच्या ओकेचे स्वरलेख, म्हणजे आवाजाच्या आलेखरेषा, एकमेकांवर ठेवून पाहिल्या.

त्या जुळल्या. बाबीचा आवाज जाड, कोल्लमच्या शिजूचा पातळ. पण चढ तोच, उतार तोच, मधली जागा तीच. थरथर कुणाच्याच आवाजात नव्हती. सगळे ओके एका साच्यातून काढल्यासारखे.

"बाबी, हा काय?" तिने त्याला बोलावून पडदा दाखवला.

बाबीने पाहिलं आणि ओशाळं हसला. "शिकलव आमी."

"काय शिकलात?"

"ओके बोलूक. पिवळो लागलो की दिसभर वर बसाचा. परत परत लागलो तर कंत्राटदार दुसरो माणूस बघता. मग काय करतलव? गिटार जुळवूचो अॅप असता मा, तेच्यार बघून सराव. संध्याकाळी खोलयेत सगळे बसतव. ओके, ओके, ओके. भजनासारखा."

"शिकवलान कोणी?"

"तुझ्या भावान. तेचो एकदम स्वच्छ येता. झोपेत हलवलास तरी तसोच बोलता, देवाशपथ!"

बाबी हसला. वृंदा हसली नाही.

इच्छाशक्तीच्या जोरावर कुणालाही आपल्या आवाजाची थरथर थांबवता येत नाही, या गृहीतावर पारखी उभी होती. गृहीत खरंच होतं. पण सराव म्हणजे इच्छाशक्ती नव्हे. पुरेशा वेळा घोटलेली गोष्ट मन जागेवर नसलं तरी आपोआप होते. आणि दर्शन होता त्या खोलीवर मन जागेवर नसणं ही नेहमीची भीती होती. दाबाखालच्या हवेतला नत्रवायू, म्हणजे नायट्रोजन, रक्तात विरघळतो, मेंदूला दारूसारखी धुंदी येते. माणूस काय करतोय ते विसरतो आणि खुशीत असतो. पारखी मुळात ही धुंदी ओळखण्यासाठी बनवली होती.

तिने माइक ओढला. "दर्शन, ओके?"

"ओके." हिरवा.

"दर्शन, काम खंयपर्यंत इला?"

"ओके." हिरवा.

"दर्शन, आवशीचा नाव काय?"

मध्ये हवेचे बुडबुडे वाजले. मग तोच चढ, तोच उतार. "ओके."

शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रात त्याचा हात दिसत होता. ब्रश जाळीच्या एकाच गजावरून फिरत होता. तो गज केव्हाच लखलखीत झाला होता.

"शिर्केसाहेब, त्याला वर घ्या."

शिर्क्यांनी दिव्याकडे पाहिलं. "मॅडम, हिरवा आहे. हिरव्यावर काम थांबवायचं तर वरची परवानगी लागते. नियमावली तुमचीच आहे."

"नियम चुकलाय. मी सांगते ना!"

"लेखी कारण काय देऊ?"

"त्याला आईचं नाव आठवत नाहीये, हे द्या!"

शिर्के यारीकडे धावले. पण दर्शन पिंजऱ्याबाहेर होता. पिंजऱ्यात ये म्हटलं की ओके म्हणायचा आणि ब्रश फिरवत राहायचा. कुणीतरी खाली जाऊन आणायला हवं होतं. बाबीने पोशाख चढवला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, कमरेचा पट्टा बांधताना बोटं घसरत होती. डबीसमोर उभं राहून तो म्हणाला, "ओके."

हिरवा.

वृंदाने तो दिवा पाहिला. थांब म्हणावं असं तिला वाटलं. पण खाली दर्शन होता.

पिंजरा वर यायला फार वेळ लागला. घाईने वर आणलं तर विरघळलेल्या वायूचे रक्तात बुडबुडे होतात, म्हणून ठरावीक खोलीवर थांबत थांबतच यावं लागतं. प्रत्येक थांब्यावर शिर्के विचारत आणि दोन आवाज तेच एक उत्तर देत. कोण शुद्धीवर आहे आणि कोण नाही, ते तराफ्यावर कुणालाही सांगता येईना.

अखेर दोघेही वर आले. बाबी फळ्यांवर आडवा पडून धापा टाकत राहिला. दर्शनचं शिरस्त्राण काढलं. उथळ पाण्यात धुंदी उतरते, तशी ती उतरली असावी. डोळे स्वच्छ होते. वृंदाने त्याचा थंड चेहरा दोन्ही हातांत धरला.

"दर्शन, माका बघ. बरो आसस मा रे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी सांगण्यासाठी त्याचे ओठ हलले. डोळ्यांत पाणी आलं. आणि तोंडातून निघालं, "ओके."

डबी हिरवी झाली.

तो पुन्हा प्रयत्न करू लागला; दुसरा शब्द निघेना. आपल्याच तोंडाकडे बोट दाखवून मान हलवू लागला. शिर्क्यांनी त्याच्या खांद्यांवर घोंगडी टाकली आणि डॉक्टरांची बोट बोलावली.

तेवढ्यात वृंदाचा फोन वाजला. आई होती.

"काय गो, दर्शन फोन घेणा नाय तो? सगळा बरा आसा मा?"

वृंदाने दर्शनकडे पाहिलं; तो अजून तोंडाकडे बोट दाखवत होता. आईला काय सांगावं, ते तिला सुचेना. भाऊ वाचलाय, की वाचला नाही? गेली कित्येक वर्षं ती प्रयोगशाळेत कानाला हेडफोन लावून हजारो माणसांचा तो एक शब्द ऐकत आली होती. चांगला कोणता, वाईट कोणता, हे निवडत.

"ओके, आई," ती म्हणाली.

खांबावरच्या दिव्याकडे तिची नजर गेली. तो पुन्हा हिरवा झाला होता.

तिला हे कुणी शिकवलं होतं?