दोन ब्रेकची गाडी

यासेन त्या गाडीत शिरला तो टॅक्सी समजून. प्लॉवदिवात सकाळपासून पावसाची रिपरिप लागली होती, त्याच्याकडे छत्री नव्हती, आणि समोर टपावर पाटी लावलेली पांढरी गाडी उभी होती. मागचं दार उघडून तो आत बसला आणि म्हणाला, "स्टेशन."

गाडी चालवायला शिकवणाऱ्या नेवेनाने आरशातून त्याला न्याहाळलं. पाटीवर 'शिकाऊ' असं चांगलं ढळढळीत लिहिलं होतं.

"चालवत तुम्हीच नेणार असाल तर जाऊ," ती म्हणाली.

"मला गाडी येत नाही."

"चाळिशी आली तरी?"

"छत्तीस. आणि अकरा वर्षं व्हिएन्नात होतो. तिथे ट्राम असते…"

"मग पुढे या. पट्टा लावा. हात गुडघ्यांवर."

तो मुकाट्याने पुढे आला, पट्टा लावला, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. नेवेनाने ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं. त्या दिवशी त्याची ट्रेन चुकली. पुढच्या आठवड्यात तो रीतसर नाव घालून शिकायला आला.

शिकताना अडचण एकच. आमच्या प्लॉवदिवात मान आडवी हलवली की होकार, वरखाली केली की नकार. यासेनची मान मात्र व्हिएन्नात उलटं शिकून आली होती, आणि ती केव्हा कुठल्या गावची होईल हे त्यालाही ठाऊक नसे. "डावीकडे वळायचंय, कळलं?" नेवेना विचारायची. तो मान हलवायचा आणि गाडी सरळ जायची. शेवटी तिने फर्मानच काढलं.

"मान हलवायची नाही. तोंडाने बोलायचं. हो किंवा नाही."

"हो, बाई."

चौथ्या दिवशी, लाल सिग्नलवर, तो समोर बघतच म्हणाला, "तुम्ही असं दटावून सांगितलंत ना, की मला बरं वाटतं… फार बरं वाटतं."

"मलाही," नेवेना हळूच म्हणाली. "सांगायला."

मागचे हॉर्न वाजायला लागले, तेव्हा कुठे दोघांना हिरवा दिवा दिसला.

पुढचं सगळं त्यांनी कॉफी पीत, शहाण्या माणसांसारखं बोलून ठरवलं. दोरीने बांधणं चालेल. हुकूम तिचा. काय आवडतं, काय मुळीच नको, हे दोघांनी सांगितलं. मानेवर भरवसा नाही, सगळं तोंडाने. आणि एक शब्द ठरला. तो उच्चारला की तिथल्या तिथे थांबायचं. यासेनने शब्द निवडला, 'ब्रेक'. शिकाऊ गाडीत तो दोघांच्याही पायाखाली असतो, म्हणून.

हातात दोरी आली की नेवेनाच्या डोक्यातला गलबला थांबायचा. मग फक्त त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि एक माणूस आपल्यावर इतका विसंबला आहे या जाणिवेने तिचा ऊर भरून यायचा. दिवसभर घाबरट शिकाऊंना सांभाळणारी नेवेना तेवढ्या वेळात कशालाच घाबरत नसे.

त्या रविवारी दुपारी मात्र ती त्याच भरात स्वतःचाच नियम विसरली. "अजून घट्ट?" तिने विचारलं. त्याने डोळे मिटूनच मान आडवी हलवली. तिने होकार समजून गाठ आवळली.

"ब्रेक," यासेन म्हणाला.

क्षणात तिने कात्रीने दोरी कापली. मग त्याला पांघरुणात गुंडाळलं, मनगटं चोळली, लिंडनच्या फुलांचा चहा पाजला, चमच्याने गुलाबाचा मुरंबा भरवला. दहा मिनिटांत तो हसायला लागला. थंडी वाजत होती म्हणून तेच पांघरूण लपेटून संध्याकाळी शीळ घालत घरी गेला.

मंगळवारी पावाच्या दुकानापुढच्या रांगेत नेवेनाला अचानक रडू कोसळलं. आपण कसली बाई आहोत, हा प्रश्न मग तिचा पिच्छाच सोडेना. तिने दोरी कचऱ्यात टाकली. यासेनचे फोन घेतले नाहीत. गुरुवारच्या तासाला त्याला सांगायचं, की आता सगळं पुरे, दोरीही आणि आपणही, असं ती ठरवून गेली.

"तू बरी आहेस?" गाडीत बसताबसता त्याने विचारलं.

"मी ठीक आहे. उद्या तुझी परीक्षा आहे. आरसा बघ. निघ."

तो निघाला. पहिला गिअर, दुसरा. नदीकाठच्या रस्त्यावर पाऊस भुरभुरत होता, काचेवरचा वायपर कुरकुरत होता. तो छान चालवत होता, आणि तिला समोरचं काही दिसेना. तिने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी कडेला, झाडाखाली थांबली.

"चुकलं काही?"

"नाही…" तिने डोळे पुसले. "ब्रेक, यासेन. मला हवाय."

त्याने मागच्या सीटवरून तेच पांघरूण काढलं, धुऊन आणलेलं, आणि तिच्या खांद्यांवर घातलं. थर्मासमधला चहा ओतला. मुरंब्याची बाटलीसुद्धा आणली होती पठ्ठ्याने.

"हे सगळं आधीच ठरवून आणलंस?"

"तीन दिवस फोन उचलत नव्हतीस. तोंड उघड."

"हुकूम सोडतोस?"

"आज एक दिवस. उघड."

मुरंबा गिळून ती म्हणाली, "तू नको म्हणत होतास आणि मला छान वाटत होतं. त्या क्षणी मला छान वाटत होतं, यासेन."

"मी नको म्हणतोय हे कळलं, तेव्हाही?"

"तेव्हा नाही. तेव्हा फक्त कात्री दिसत होती."

"मग झालं तर. मानेवर भरवसा ठेवायचा नव्हता, तो तू ठेवलास, आणि द्यायचं नव्हतं तसं उत्तर मी दिलं. चूक दोघांची." त्याने तिची थंड बोटं आपल्या हातात घेऊन चोळली. "तू मला त्या भरातून हळूहळू खाली उतरवलंस. चहा पाजलास, कुशीत घेतलंस. तुला कुणी उतरवलं? मी शीळ घालत घरी गेलो. गाढव आहे मी."

"आहेस," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. त्याने घाई केली नाही.

चहा संपला. काचा आतून धुरकटल्या होत्या.

"दोरी टाकून दिली मी."

"नवी आणू. इतक्यात नाही, तुला वाटेल तेव्हा. नाहीच वाटलं तरी मी आहे. मला तू हवी आहेस, नेवेना, दोरी असो वा नसो." तो थांबला. "मी… राहू ना?"

तिने मान हलवली.

"मान नाही," यासेन म्हणाला. "तोंडाने, बाई."

"हो," नेवेना म्हणाली, आणि ब्रेकवरचा पाय उचलला.