कापलेले श्वास

खरं सांगतो, त्या दुपारी मी स्टुडिओत गेलो तो आमचा अकरावा अल्बम एकदाचा हातावेगळा करायला. तीस वर्षं आम्ही दोघंच. तो गायचा, मी सिंथेसायझर वाजवायचो आणि रेकॉर्डिंगही बघायचो. लोक त्याला बुलबुल म्हणायचे, मला मिस्त्री. मिस्त्री तर मिस्त्री! दोन ओळींमध्ये तो घ्यायचा ते श्वास मी कापून टाकायचो. आमचं संगीत चकचकीत, त्यात ही धाप कशाला?

"अरे, माणूस गातोय हे कळू दे की!" तो चिडायचा.

"श्वास घरी जाऊन घे," मी म्हणायचो.

या वेळी शेवटच्या गाण्याचं एक कडवं गायचं राहिलं आणि तो गेला. फुप्फुसांनी दगा दिला. महिन्याभराने त्याच्या बायकोचा फोन आला.

"भावजी, एकच मागते. या वेळी ह्यांचे श्वास कापू नका. शेवटी शेवटी तेच ऐकत बसायचे मी..."

"शब्द दिला, वहिनी."

आणि मी गाढवाने काय केलं? सवयीने हात चालत राहिले. नऊच्या नऊ गाण्यांतले श्वास कापले आणि जुन्यावरच सेव्ह केलं. ध्यानात आलं तेव्हा साडेतीन झाले होते. वहिनी पाचला ऐकायला येणार होत्या.

मग लबाडी सुचली. गायची काचेची खोली उघडली, आत शिरलो, दार लावलं. तिथं बाहेरचं काही ऐकू येत नाही, स्वतःचं काळीज तेवढं ऐकू येतं. त्याचा मफलर खुंटीला तसाच होता. खोकल्याच्या गोळ्यांचा वासही तसाच. माइकपुढे बसून मी पन्नासेक श्वास घेतले आणि बाहेर येऊन गाण्यागाण्यांत चिकटवले. ऐकून बघायला वेळ नव्हता. पडद्यावर आवाजाची रेघ उठली होती, तेवढं पुरे. इतकं एकटं मला तो गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

वहिनींनी डोळे मिटून ऐकलं. तिसऱ्या गाण्यात त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"हाच... शेवटाला बारीक शीळ वाजते बघा ह्यांची."

माझ्या श्वासाला शीळ नाही.

त्या गेल्यावर मी पुन्हा आत गेलो. माइकची वायर जमिनीवर पडलेली. ती कुठंच जोडलेली नव्हती. मग मी चिकटवले ते...?

शेवटचं गाणं उघडलं. न गायलेल्या कडव्याच्या जागी नुसतं वाद्यसंगीत होतं. तिथं मी काहीच ठेवलं नव्हतं. पण त्या जागेच्या तोंडाशी एक रेघ होती. लावून पाहिली. श्वास... खोल, छाती भरून, शिळेसकट. ओळ उचलण्याआधी तो घ्यायचा तसाच.

कापायला अर्धं मिनिटही लागणार नाही. पण वहिनींना शब्द दिलाय. आणि बाबांनो, मलाही ते कडवं हवंय.

या गोष्टीला आता अकरा दिवस झाले. अल्बम तसाच पडलाय. रोज सकाळी ती रेघ मोजतो. पहिल्या दिवशी दोन सेकंद होती, आज एकोणीस आहे. तो अजून श्वास आतच घेतोय.