पाठीवरचा खळगा

“शफीक, धीरे… यल्ला, उठाओ,” म्हणत डग्लसने मदतनिसाबरोबर पेटीचं झाकण उचललं आणि पुढचं स्वतःशीच मराठीत बोलला, “एवढ्या लांबून आली, आणि बाईला नाकडोळेच नाहीत.”

“बाई की पुरुष, ते कागदावर लिहिलेलं नाही,” मागून आवाज आला.

तो वळला. हातात टॉर्च नि फूटपट्टी, गळ्यात ओळखपत्र. कॅरिना, प्रदर्शनातल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणारी.

“तुम्ही वसईच्या?”

“गास. तुम्ही?”

“निर्मळ.”

“तरीच स्वतःशी बोलता.”

मार्च २००८. दोहातल्या त्या दालनात चिनी शिल्पकारांचं प्रदर्शन होतं. बीजिंगहून अकरा पेट्या आल्या होत्या. त्या उघडून शिल्पं उभी करायचं काम डग्लसच्या कंपनीकडे होतं. सगळे माणसाचे देह, पण बोटं नाहीत, चेहरा नाही. पांढऱ्या संगमरवराचं गुळगुळीत वळण आणि खांदा असावा असा एक उतार, बस.

दहा दिवस तो शिल्पं उभी करत होता आणि ती टॉर्च लावून ओरखडे शोधत, फॉर्म भरत होती. तिने एकही रकाना कधी रिकामा सोडला नाही.

“माझ्यावर पण टॉर्च मारा एकदा.”

“वापरलेल्या मालाचा फॉर्म वेगळा असतो.”

हसू दाबताना तिच्या डाव्या गालावर खळी पडायची. डग्लसने तेवढी एक नोंद ठेवली होती.

अकरावं शिल्प भिंतीजवळ उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी कॅरिनाने मागच्या बाजूला टॉर्च लावली… आणि थांबली. पाठीवर खळगा. अंगठ्याएवढा, चार मिलिमीटर खोल.

“हा तुमच्या हातून पडला?”

“नाही.”

“तसा पुरावा नाही.”

‘हाताळताना नुकसान’ असं लिहिलं की कंपनी काही विचारणार नव्हती. डग्लसची नोकरी खलास. पुढच्या विमानाने मुंबई. हे दोघांनाही माहीत होतं.

“लिही,” डग्लस म्हणाला. पहिल्यांदाच एकेरी. “रकाना रिकामा सोडलास, तर ती तू नव्हेस.”

तिने पेन टेकवलं… आणि उचललं. ते शिल्प घडवणाऱ्या चिनी बाईंना फोटोसकट ईमेल गेला: पाठीवर खळगा आहे, आधीचा की नंतरचा?

उत्तर सकाळी आलं. कॅरिनाने ते दोनदा वाचलं आणि डग्लसला बोलावलं.

“त्या म्हणतात, ती पाठ नाही. पोट आहे.”

“आणि खळगा?”

“बेंबी. अख्ख्या देहात तेवढीच एक गोष्ट ठेवायला त्यांना दोन वर्षं लागली. ती आपण भिंतीकडे करून ठेवली.”

डग्लसने शिल्पाकडे पाहिलं. “म्हणजे आज सकाळी मी तिच्या पाठीला गुड मॉर्निंग म्हणालो.”

“मी पाठीचे बारा फोटो काढलेत. ‘समोरून’ म्हणून.”

शफीकला हाक मारून त्यांनी शिल्प फिरवलं. कॅरिनाने फॉर्म भरला: स्थिती उत्तम. खळगा एक, मूळचा. दुरुस्ती नको.

“तुझ्या गालावरही एक आहे,” डग्लस हळूच म्हणाला. “दहा दिवस बघतोय… आणखी बघायचाय. जन्मभर.”

तिने मान खाली घालून फॉर्मवर तारीख टाकली. खळी मात्र पडली होती.

“खाली स्वीकारणाऱ्याची सही राहिली,” तो म्हणाला.

“ती मीच करते. पण माल आधी बघून घेते. शुक्रवारी मिस्सेला ये, अबू हमूरच्या नव्या चर्चमध्ये. माझी ताई नि भावोजी असतील.” तिने पेनाला टोपण लावलं. “इस्त्रीचा शर्ट घाल… आणि तुझी पुढची बाजू कुठली, ते त्यांना आधीच सांग.”