चुकीच्या बाजूची खुर्ची

सांगतो, पण मध्ये हसू नका. माझं काम म्हणजे तुरुंगात गुन्हेगाराला आणि ज्यांचं त्याने वाटोळं केलं त्यांना समोरासमोर बसवून बोलतं करणं. बायको मला उंदरा-मांजराची सोयरीक जुळवणारा म्हणते. कुणी मेलेलं असेल, तर त्याच्या नावाने एक रिकामी खुर्ची मांडायची, नेहमी त्याच्या माणसांच्या शेजारी. त्या दुपारी मला पोचायला उशीर झाला. घाईघाईत ती खुर्ची मी कैद्याच्या शेजारी ठेवली.

कैदी ट्रकचालक होता. सात वर्षांच्या एका मुलीला उडवून पळाला होता. मुलीची आई समोर बसली. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

"ती लगेच गेली का?"

"हो बाई. जागच्या जागी," तो म्हणाला. कोर्टातही त्याने हेच सांगितलं होतं.

खोलीत जळक्या टायरचा वास यायला लागला. रिकाम्या खुर्चीखाली टक्... टक्... वाजत होतं. पाय जमिनीला न पोचणारं पोर टाचा आपटतं, तसं. कैदी त्या खुर्चीकडे बघतच राहिला.

"सांगतो..." तो पुटपुटला. "सांगतो ना..."

"कुणाशी बोलताय?" मी विचारलं.

तो आईकडे वळला. "जिवंत होती, बाई. 'काका, घरी सोडा' म्हणाली. मी... नाही सोडलं."

आई रडली नाही. तिने रिकाम्या खुर्चीकडे हात पुढे केला. "चल बाळा. मी आलेय."

टकटक थांबली. मग कैद्याच्या सदऱ्याची बाही, कुणीतरी मुठीत धरावी तशी, ताणली गेली. आईचा हात तसाच राहिला. चूक माझी होती, आणि ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही. अजूनही होत नाही.

याला तीन वर्षं झाली. आई दर वर्षी त्याला भेटायला येते आणि नवा फ्रॉक देते, मागच्यापेक्षा एक माप मोठा. शिव्याशाप नाहीत. "नीट सांभाळा," एवढंच म्हणते. तो जुना फ्रॉक परत करतो. परवा झडती घेणाऱ्या शिपाईबाईंनी तो मला दाखवला. मागच्या वर्षी कोरा दिलेला फ्रॉक काखेत उसवला होता, आणि खिशात नुकताच पडलेला दुधाचा दात होता.