पाण्याच्या दिवशी तापणारी मोटार

"आजी! थांबली! पुन्हा थांबली!" नऊ वर्षांच्या नागसेननं मोरीतून अशी बोंब ठोकली की दारातलं मांजर उडालंच!

बुद्धप्रिया धावत आली. वॉशिंग मशीन मुकाट उभी होती आणि आत फेसात चादरी बुडून बसल्या होत्या. तिनं मागच्या पत्र्याला हात लावला नि झटकन काढून घेतला.

"बाप रे! नुसता तवा झालाय! आधी बटण बंद कर, गाढवा!"

"मला काय म्हणून राहिली? मी तर नुसता बघत होतो!"

बुद्धप्रिया आठवीत होती आणि किनवटच्या वसतिगृहात राहत होती. दिवाळीच्या सुट्टीत ती लातूरला धम्मानंदकाकांकडे, म्हणजे नागसेनच्या घरी आली होती, ती खायला, झोपायला आणि नागसेनला छळायला! पण महिन्याभरात चौथ्यांदा तापून बंद पडलेली ही मशीन तिला काही चैन पडू देणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी रामकिशन मिस्त्री आले. "जयभीम!" म्हणत त्यांनी झाकण काढलं, पट्टा ओढून पाहिला, खाली उंदीरबिंदीर शिरला का तेही पाहिलं. मग बादलीभर पाणी ओतून मशीन चालू केली. अर्धा तास झाला तरी मोटार गारच!

"ही तर मस्त चालून राहिली की!" मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले. "कपडे लई कोंबता का?"

"मी काय येडी हाय का?" सरजाबाई आजी फणकारली. "निम्मेच टाकते!"

"मग मोटार आतून कमजोर झाली. आज चालंल, उद्या जळंल. काढून टाका."

धम्मानंदकाका एसटीत कंडक्टर. शिट्टी मारली की गाडी सुटलीच पाहिजे, अशा घाईचा माणूस! त्यांनी जागच्या जागी फोन लावला. "शुक्रवारी दहा वाजता भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय. दुसरी मशीन घेणं काही यंदा जमायचं नाही."

"न्या म्हणावं!" आजी म्हणाली. "माझे हात हायेत की अजून!"

ते हात! दवाखान्याच्या चादरी धुण्यात आजीची तीस वर्षं गेली होती. बोटं सांध्यासांध्यात सुजून वाकडी झाली होती. आता तिला शेंगदाण्याचं टरफलसुद्धा फोडता येत नसे. तिच्यासाठीच तर काका-काकूंनी ही मशीन आणली होती. मशीन गेली की आजी पुन्हा धुण्याच्या दगडापाशी बसणार, आणि तिला उठवायची हिंमत घरात कुणाचीच नव्हती.

"शुक्रवारला चार दिवस आहेत," बुद्धप्रिया नागसेनला म्हणाली. "मृत्युंजयला बोलाव."

मृत्युंजय गल्लीच्या शेवटच्या घरात राहायचा. तो आला तो खिशात टॉर्च घालूनच!

"मला एकच सांगा," बुद्धप्रिया म्हणाली, "मिस्त्रींसमोर ती तापली का नाही?"

"लाजत असंल!" नागसेन म्हणाला.

"गप रे! ती कोणकोणत्या दिवशी बंद पडली, ते आठव."

नागसेननं बोटांवर मोजत तारखा सांगितल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजीनं नळाला पाणी येण्याच्या तारखांभोवती गोल केलेले होते, कारण पाणी पाच-सहा दिवसांतून एकदाच यायचं आणि घरातली धुणी त्याच दिवशी निघायची. बुद्धप्रिया एकेका तारखेवर बोट ठेवत गेली. चारही वेळा गोलच!

"पण मागच्या बुधवारी माझा गणवेश धुतला, तेव्हा पाणी न्हवतं," नागसेन ओरडला. "अन् तवा कायच झालं न्हाई!"

"म्हणजे मोटार आजारी नाहीच मुळी! पाण्याच्या दिवशी या गल्लीत काहीतरी होतं. काय होतं?"

"आमच्याकडं तर कायच होत न्हाई," मृत्युंजय तोंड वाकडं करून म्हणाला. "आमच्या नळाला सुतासारखी धार येते. मी अन् अव्वा कळश्या घेऊन फिरतो दारोदार." अव्वा म्हणजे त्याची आजी, गंगम्मा.

शुक्रवारी नऊ वाजता पाणी आलं. बुद्धप्रियानं मशीन चालू केली आणि तिघंही कान टवकारून उभे राहिले. आधी शेजारच्या घरातून घर्रर्र! मग समोरून! मग तर सगळी गल्लीच गुरगुरायला लागली. बंदी असूनही जो तो नळाला मोटार लावून पाणी खेचत होता! डोक्यावरचा पंखा पेंगायला लागला. तेवढ्यात फ्रिजजवळच्या स्टॅबिलायझरमध्ये टकटक झालं.

"ताई, आकडा बघ!" नागसेन ओरडला. "दोनशे वीस होता. आता एकशे ऐंशी... एकशे पासष्ट!"

"सापडलं!" बुद्धप्रियानं उडी मारली आणि आधी मशीन बंद केली. "विजेचा दाब पडतो रे! उपाशीपोटी पोतं उचलायला लावलं तर माणूस घामाघूम होईल की नाही? तसं झालंय बिचारीचं! कपडे तर फिरवायचेत, पण दाब पुरत नाही. म्हणून जास्त वीज ओढते आणि तापते!"

"मग सगळ्यांना सांगू, मोटारी बंद करा म्हणून!" मृत्युंजय म्हणाला.

"पोरांचं कोण ऐकतंय? साडेनऊ वाजलेत!" बुद्धप्रियानं ओठ चावला, आणि लगेच तिचे डोळे चमकले. "वही आण! सुट्टीचा अभ्यास आहेच ना आपल्याला? प्रकल्प करायचा!"

पाच मिनिटांत तिघंही पहिल्या दारात. "काकू, आम्ही शाळेचा प्रकल्प करून राहिलो," मृत्युंजय अदबीनं म्हणाला. "नळाला मोटार लावणाऱ्या घरांची यादी करायचीय. तुमचं नाव लिहू का?"

"आमच्याकडं? न्हाई बा, मोटार कसली!" काकू गडबडीनं आत पळाल्या. घर्रर्र... ठप्प!

दुसऱ्या घरात मोटारीवर पोतं पडलं, तिसऱ्यात तिला पायानंच कॉटखाली ढकललं. मुलं पुढं जात होती आणि मागं गल्ली गप्प होत होती. सतरा घरं झाली, वहीत एकही नाव नाही! हसू दाबून दाबून नागसेनचे गाल दुखायला लागले.

शेवटी तिघं स्वतःच्याच दारात आली. धम्मानंदकाका घमेलं उपडं घालून शेजारी उभे होते.

"पप्पा, नळाला मोटार?"

"आपल्याकडं? छे!"

"मग घमेल्याखाली काय गुरगुरतंय? मांजर?"

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं! त्यांनी मुकाट्यानं प्लग काढला. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मशीन सोडवायला रामकिशन मिस्त्रीही त्यातून उतरले.

"अर्धा तास थांबा, मिस्त्रीकाका!" बुद्धप्रिया आडवी उभी राहिली. "तुमच्यासमोर आज परत चालवते. आज पाण्याचा दिवस आहे!"

स्टॅबिलायझरवर दोनशे अठराचा आकडा होता. मशीन सुरू झाली आणि सगळ्या चादरी गरागरा फिरू लागल्या. अर्ध्या तासानं मिस्त्रींनी मागच्या पत्र्यावर तळवा टेकवला.

"गार हाय की! त्या दिशी मी आलो तवा पाणीच न्हवतं, म्हणून मला कळलं न्हाई. पोरी, माझ्यापेक्षा हुशार निघालीस तू!"

तोच गल्लीच्या टोकाकडून कानडी-मराठी मिसळलेली आरोळी आली. "नीरु बंतु! मृत्युंजया, पाणी आलं रे, पाणी!" भरलेली कळशी कमरेवर घेऊन गंगम्मा दारात नाचायचीच काय ती बाकी होती. मोटार न लावता तिच्या नळाला मनगटाएवढी धार लागली होती!

एव्हाना गल्लीतली मोठी माणसं जमली होती. कुणी चपलेकडे बघत होतं, कुणी आभाळाकडे.

"आपणच एकमेकांचं पाणी ओढत होतो," काका हळूच म्हणाले. "अन् वर मशीनला भंगार म्हणत होतो." ते आत गेले, घमेल्याखालची मोटार उचलून आणली आणि टेम्पोत ठेवली. "रिकामा कशाला जातोस दादा? हे ने!"

पाठोपाठ पोत्याखालची आली, कॉटखालची आली. टाळ्या पिटून नागसेनचे तळहात लाल झाले.

आजीनं बुद्धप्रियाला जवळ ओढलं. तिचे डोळे भरून आले होते. "माझ्या हातांसाठी एवढं केलंस गं बाय?" म्हणत तिनं नातीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि दृष्ट काढायला बोटं स्वतःच्या कानशिलावर दाबली. पण ती वाकडी बोटं काही केल्या मोडेनात.

"थांब आजी!" नागसेन पुढं सरकला आणि तोंडानंच मोठ्यानं म्हणाला, "कट्! कट्! कट्! कट्!"