डाव्या बाजूची पाहणी

भाड्याची गाडी ताब्यात घ्यायला मला पंचवीस मिनिटं लागतात. किल्ली हातात पडली की इतर लोक निघतात, मी मात्र गुडघे टेकून टायर बघत बसते. आई यावरून मला नेहमी टोमणा मारते. "मंजू, नवरा निवडताना एवढं बघितलं असतंस, तर बरं झालं असतं."

मी एका विमा कंपनीत आहे. अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करून नुकसान किती आणि कसं झालं ते लिहायचं, हे माझं काम. बावीस वर्षं तेच करते आहे. सांगलीहून जयपूरला बदली झाली त्याला दोन वर्षं झाली. आधी वाटलं होतं, परक्या गावात आपल्याला कोण विचारणार? पण मोडलेला पत्रा सगळीकडे सारखाच बोलतो. धक्का कुठून आला, वेग किती होता, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की नाही, हे मला गाडीकडे बघून कळतं. माझा अहवाल आजवर एकदाही खोटा ठरलेला नाही. कारण सोपं आहे. जे दिसलं नाही ते मी लिहीत नाही.

जानेवारीतला शनिवार होता. आई पंधरा दिवसांसाठी आली होती, रविवारी संध्याकाळी तिचं विमान होतं. जाण्याआधी तिला सांभरचं मिठाचं तळं आणि त्यातले रोहित पक्षी बघायचे होते. आई एकोणऐंशी वर्षांची. टॅक्सीवाल्यांच्या वेगाची तिला धास्ती वाटते, म्हणून मी खातीपुऱ्यातल्या नंदकिशोरजींकडे दोन दिवसांसाठी गाडी सांगितली होती. रेल्वे लाइनीच्या कडेला त्यांचं पत्र्याचं छप्पर आणि फरशी घातलेलं आवार आहे. सहा-सात गाड्या उभ्या असतात, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या.

आमची गाडी पांढरी होती. साडेनऊला आम्ही पोचलो. धुकं नुकतंच विरलं होतं आणि उन्हात जेमतेम ऊब आली होती. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसली, तिच्या हातात चहाचा मातीचा कुल्हड. मी फोनवर रेकॉर्डर सुरू केला. कामावर मी हातानं लिहीत नाही, गाडीभोवती फिरत बोलते आणि नंतर ऐकून उतरवते. तीच सवय.

"पुढचे टायर, नक्षी चांगली. उजव्या आरशाला जुना ओरखडा, दोन इंच. हेडलाइट ठीक. इंडिकेटर ठीक. मागची डावी काच ठीक."

ब्रेकचं पेडल दाबून धरलं, ते खाली गेलं नाही. हँडब्रेक पकडत होता. सीटचे चारही पट्टे झटका देऊन ओढले, चारही जागच्या जागी अडले. वायपरचं रबर मऊ होतं. ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, कूलंट, सगळं खुणेपर्यंत. आरसी, विमा, पीयूसी, सगळ्याच्या तारखा चालू. डिकीत जॅक होता, पाना होता. स्टेपनीत तेवढी हवा कमी होती.

"मॅडमजी, आप तो आरटीओवालों से भी आगे हैं," नंदकिशोरजी म्हणाले. साठीचे, लोकरी टोपी घातलेले, आदबशीर गृहस्थ. ते स्वतःच स्टेपनी घरंगळवत हवेच्या यंत्राकडे घेऊन गेले.

ते येईपर्यंत फॉर्मवर ओरखडे लिहून टाकावेत म्हणून मी रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज स्पष्ट होता. टायर, आरसा, हेडलाइट, इंडिकेटर.

"मागची डावी काच नाही."

मी मान वर करून पाहिलं. काच जागेवर होती. तिच्यात खुर्चीवरची आई आणि मागचं छप्पर दिसत होतं. मला हसू आलं. दिवसभर फुटक्या काचांची यादी सांगणारी बाई, जीभ घसरली असेल. पुढचं न ऐकता मी ते रेकॉर्डिंग पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मागच्या डाव्या दारापाशी थांबून मी काचेवर बोट टेकवलं आणि म्हटलं, "काच ठीक. दार ठीक. पट्टा ठीक."

मागून एक मालगाडी शिट्टी देत गेली. आई दोनदा खोकली. नंदकिशोरजी ओरडले, "मॅडम, हवा भर दी!"

मी थांबले आणि ते ऐकायला लावलं.

मालगाडीची शिट्टी होती. आईचा खोकला होता, दोनदा. आणि त्यावर माझा आवाज होता, कामावरचा, चढ-उतार नसलेला.

"मागचा डावा दरवाजा आत दबलेला, सुमारे चाळीस सेंटीमीटर. दोन दारांमधला खांब वाकलेला. दरवाजा उघडत नाही, पत्रा कापून उघडला आहे. धक्का डावीकडून, काटकोनात. धडकणारं वाहन जड, माल भरलेलं. ब्रेकच्या खुणा नाहीत. ड्रायव्हरची बाजू शाबूत. मागच्या सीटचा डावा पट्टा कापलेला."

त्यानंतर नंदकिशोरजींची हाक. "मॅडम, हवा भर दी!"

पट्टा कापतात, तो आतल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी. ते माणूस स्वतःहून बाहेर येण्यासारखं नसतं तेव्हाच. हे मी शेकडो वेळा लिहिलं आहे.

मी फाइलची वेळ पाहिली. आजची तारीख, नऊ वाजून बावन्न मिनिटं. जुनं रेकॉर्डिंग नव्हतं ते.

"आई, मी आत्ता गाडीपाशी काय बोलत होते, ऐकलंस?"

"ऐकलं की. काच ठीक, दार ठीक, पट्टा ठीक."

मी फोन तिच्या कानाशी धरला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग चहा खाली ठेवला.

"हा तुझाच आवाज आहे," ती म्हणाली.

"हो."

"मग तुला काही झालेलं नाही. म्हणजे गाडीत होतीस, पण..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मला ते केव्हाच कळलं होतं. ड्रायव्हरची बाजू शाबूत होती. पाहणी करायला मी उरले होते. आणि आई नेहमी मागे, डावीकडे बसते.

घाबरले का? हो. पण घाबरणं आणि काय करायचं ते न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी नंदकिशोरजींना सांगितलं, आम्ही सांभरला जात नाही, आईला बरं वाटत नाही. त्यांनी नाराज न होता मान हलवली.

"कोई बात नहीं. गाड़ी का ग्राहक तो खड़ा है."

फाटकाशी एक जोडपं उभं होतं. तिशीतला मुलगा, त्याची बायको, आणि तिच्या कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. बायको मराठीत मुलीची समजूत घालत होती. मी पुढे झाले. मुलाचं नाव निनाद, तिचं सावनी. दोघं नाशिकचे, इथल्या एका आयटी कंपनीत. मुलगी मैत्रेयी. त्यांना अजमेरला जायचं होतं, आणि त्यांच्या नावची राखाडी गाडी त्यांना लहान वाटत होती.

"ही पांढरी मिळाली तर बरंच झालं, काकू," सावनी म्हणाली. "मैत्रेयीची सीट मागे डावीकडे लावते. म्हणजे ड्राइव्ह करताना निनादला ती आरशात दिसते."

तिच्या पायाशी लहान मुलांची ती सीट होती, निळी.

मी वळले आणि पांढऱ्या गाडीकडे गेले. पुन्हा खाली वाकले. चाकांच्या आत टॉर्च मारला, ब्रेकच्या नळ्या चाचपल्या, स्टिअरिंगचे सांधे हलवून पाहिले. एखादा दोष सापडावा म्हणून मी इतक्या मनापासून कधी शोधलं नव्हतं. एकही सापडला नाही. गाडी उत्तम होती. दोष नसलेल्या गाडीला दोष आहे म्हणून सांगणं मला जमलं असतं, पण नंदकिशोरजींनी मिस्त्रीला बोलावून दहा मिनिटांत ते खोटं ठरवलं असतं, आणि गाडी गेलीच असती.

मी उठून हात पुसले आणि हिंदीत विचारलं.

"नंदकिशोरजी, गाडी मीच घेऊन जाते. बुकिंग माझंच आहे ना?"

"पर माताजी?"

"त्या ऑटोनं घरी जातील."

निनादचा चेहरा पडला. मी त्याची राखाडी गाडीही तपासून दिली, न रेकॉर्ड करता, नुसत्या डोळ्यांनी. मागच्या उजव्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगवटा होता. हमरस्त्यावर तो फुटला असता. मी टायर बदलायला लावला. निनाद तीनदा थँक्यू म्हणाला. सावनीनं मैत्रेयीला माझ्या पाया पडायला लावलं आणि माझा नंबर घेतला.

आईनं मात्र माझा दंड घट्ट धरला. "मग तू तरी का बसतेस त्यात?"

"कारण इथे ठेवली तर हे दुपारी ती दुसऱ्या कुणाला देतील. घरी नेऊन दोन दिवस उभी करते."

"मंजू."

"आई, कुठे बघायचं ते मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला माहीत नाही."

तिनं दंड सोडला. ऑटोत बसताना ती मागे वळून गाडीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

खातीपुऱ्यातून विद्याधर नगर, फार तर अर्धा तास. मी झोटवाड्यावरून निघाले. वेग तीस. फोन बंद करून डिकीत ठेवला होता. मागची सीट रिकामी, आरशात तिचे चारही कोपरे दिसत होते. उन्हात तिळाच्या गजकचे ढीग लावलेल्या हातगाड्या, शाळेची बस, रस्ता ओलांडणारी गाय. सगळं नेहमीचं. प्रत्येक चौकात मी थांबले, डावीकडे पाहिलं, मग निघाले.

चौमूं पुलियाजवळचा सिग्नल लाल होता. मी पहिली होते.

हिरवा झाला.

मी डावीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. सवयीनं मोठ्यानं म्हटलं, "डावीकडे मोकळं."

पाय क्लचवरून उचलला नाही.

मागून हॉर्न सुरू झाले. कुणीतरी शिवी दिली. एक स्कूटरवाला माझ्या उजवीकडून पुढे निघून गेला.

मी पुन्हा डावीकडे पाहिलं. मोकळं. खरोखर मोकळं.

एक. दोन. तीन.

ट्रेलर कुठून आला ते मी अजून सांगू शकत नाही. मी त्याच रस्त्याकडे बघत होते. हॉर्न नाही, ब्रेकचा आवाज नाही. माझ्या बॉनेटपासून दोन हातांवरून तो सरळ निघून गेला. त्यावर संगमरवराच्या लाद्या उभ्या रचून दोरांनी बांधलेल्या होत्या. गाडी हादरली. तोंडात पांढरी धूळ आली.

मागचे हॉर्न बंद झाले होते.

मग मी निघाले. सांभरच्या वाटेवर चौमूं पुलिया लागतच नाही, म्हणजे ही गाडी जाईल तिथे तो ट्रेलर येणार होता, हे मला घरासमोर गाडी उभी केल्यावर आठवलं.

आई आधीच पोचली होती. तिनं पिठलं टाकलं होतं. माझ्या केसांवरची धूळ तिनं पदरानं पुसली. रविवारी संध्याकाळी मी तिला मेट्रोनं आणि पुढे ऑटोनं विमानतळावर सोडलं. पांढरी गाडी दोन दिवस खिडकीखाली उभी होती. त्याच संध्याकाळी सावनीचा फोटो आला. मैत्रेयी अजमेरच्या तलावाकाठी कबुतरांना दाणे टाकत होती. मी तो बराच वेळ पाहिला. दोष नसताना मी एक गाडी अडवली होती आणि मला त्याचा जराही पस्तावा नव्हता. आजही नाही.

सोमवारी ऑफिसच्या आधी गाडी परत केली. परत करतानाही पाहणी लागते, नाहीतर नंतर वाद होतात. मी रेकॉर्डर सुरू केला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. आवारात नंदकिशोरजी होते आणि गाड्या धुणारी जयंतीबाई. दोघांपैकी कुणालाही मराठीचा एक शब्द येत नाही.

नंदकिशोरजी पावती लिहीत असताना मी रेकॉर्डिंग ऐकलं. टायर ठीक. आरसा, जुना ओरखडा. काच ठीक. दार ठीक. पट्टा ठीक. "गाडी शाबूत," मी शेवटी म्हटलं होतं, आणि तसंच ऐकू आलं. मी फोन खिशात ठेवणार होते.

फाइल अजून संपली नव्हती. चार सेकंद उरले होते.

त्यात कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग एक पुरुष बोलला. दिवसभर लिहून दमल्यासारखा, पण अगदी आदबीनं.

"हं, लिहिलं. पुढची गाडी सांगा, मॅडम."