पोटभर खाऊनही उपाशी

बाबा रोज पोटभर जेवत होते, तरी दिवसेंदिवस खंगत चालले होते. हात आणि मान काळी, खरखरीत पडली होती. पोट बिघडलेलं होतं. त्या सकाळी तर त्यांनी मलाच विचारलं, "तू कुणाची गं?" मी धावतच आजोबांना बोलावून आणलं.

मंगळावरच्या आमच्या वसाहतीत सहा महिने मक्यावरच भागत होतं. मक्याच्या पिठाचे तळलेले वडे मेक्सिकोच्या रोसामावशींनी सुरू केले. त्या पृथ्वीवर परतल्यावर ते 'पळी' नावाचा यंत्रमानव करायला लागला.

माझे आजोबा, आबा, वसाहतीचे आहारतज्ज्ञ. त्यांनी वडा तपासयंत्रात घातला आणि चक्रावले.

"शाल्मली, हा पेलाग्रा (ब-३ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) दिसतोय. पण वड्यात ब-३ आहे की!"

मी पळीला विचारलं, "तू मावशींसारखेच करतोस ना?"

"एक पायरी सोडून," पळी म्हणाला. "त्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवायच्या, मग धुऊन दळायच्या. सहा महिन्यांपूर्वी आबासाहेबांनी चुन्याचा डबा काढून नेला."

मी आबांकडे पाहिलं. वसाहतीत तंबाखूला बंदी. स्वयंपाकघरात चुना दिसल्यावर आबांना दुसरं काय सुचणार? पण तो कशाला ठेवलाय, एवढं तरी विचारायचं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला.

"मक्यातलं ब-३ दुसऱ्या घटकांना जखडलेलं असतं," ते हळूच म्हणाले. "आपल्या आतड्याला ते सुटत नाही, तसंच बाहेर जातं. चुन्याचं पाणी अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचं) असतं. त्यात मका शिजला की ते मोकळं होतं, वर थोडं कॅल्शियमही मिळतं. यंत्रानं जखडलेलंही मोजलं. आणि मी यंत्रावर विसंबलो."

त्यांनी बाबांना लगेच ब-३ च्या गोळ्या सुरू केल्या, आणि खबरदारी म्हणून इतरांनाही. दुपारी जेवणघरात चाळीस माणसांसमोर उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे."

बाबा आठवड्याभरात सावरले. त्वचेला अजून वेळ लागेल. वडे आता चुन्याच्या पाण्यातल्या मक्याचे असतात.

आबा सध्या पळीकडून मावशींच्या उरलेल्या तेवीस पाककृती शिकताहेत. प्रत्येक पायरीला थांबून विचारतात, "हे का?" आणि जिचं उत्तर सापडत नाही, ती पायरी ते मुळीच गाळत नाहीत.